प्रकाशाची तलवार

रंगभूमीवर राजाच्या कमरेला जी तलवार लटकत असते, ती पोलादाची नसते, हे नाटक पाहणाऱ्या लहान मुलालाही ठाऊक असते. सुताराने तासलेली लाकडाची पट्टी, तिच्यावर खळीने चिकटविलेला बेगड आणि मुठीला गुंडाळलेली लाल चिंधी, एवढेच तिचे भांडवल. असे असूनही राजाने ती उपसली, की सारे प्रेक्षागृह श्वास रोखून पाहू लागते. ‘बेगडी’ हा शब्द आपण खोट्या व दिखाऊ वस्तूंविषयी वापरतो. परंतु नाटकातील बेगडी तलवार कोणाला फसवीत नाही. ती खरी नाही हे जाणूनच आपण तिला घटकाभर खरी मानतो. या मानण्यावरच सारे नाट्य उभे असते.

या पाठात आपण अशा एका तलवारीचा विचार करणार आहोत, की जिचे पाते लाकडाचेही नाही आणि पोलादाचेही नाही. ते प्रकाशाचे आहे. शाळेच्या स्नेहसंमेलनात एखाद्या नाटिकेतील वीर आकाशातून उतरावा, त्याने रिकामी मूठ पुढे करावी आणि त्या मुठीतून हातभर उजेड बाहेर पडावा, अशी ही कल्पना आहे. ही तलवार बाजारातून विकत आणता येते. पण स्वतः आखून, मापून आणि जोडून केलेल्या तलवारीत जो आनंद आहे आणि जे शिक्षण आहे, ते विकत मिळत नाही.

शस्त्र आणि उजेड यांची जोडी आपल्या रंगभूमीला नवी नाही. १८४३ साली सांगली येथे विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ या नाटकाचा प्रयोग केला. त्या काळी विजेचे दिवे नव्हते. समया, पलिते आणि मशाली यांच्या उजेडात नाटके होत. त्या धर्तीच्या पौराणिक नाटकांत राक्षसपार्टी आरोळ्या ठोकीत व तलवारी फिरवीत प्रवेश करी आणि त्याच वेळी मशालीवर राळेची पूड फेकली जाई. राळ म्हणजे झाडाचा वाळलेला चीक. तिची पूड ज्योतीवर पडताच मोठा भडका उडे आणि क्षणभर सारा रंगमंच लाल होऊन जाई. लाकडी तलवारीवरचा बेगडही त्या क्षणी विजेसारखा लखलखे. प्रेक्षकांच्या अंगावर काटा उभा राही. तथापि या खेळात धोकाही तेवढाच होता. कापडी पडदे आणि उघडी ज्योत यांचे सख्य कधीच नव्हते. म्हणून राळेचा प्रयोग आपण कोणीही करावयाचा नाही. आपल्याला उजेड हवा आहे, पण जाळ नको आहे.

खान्देशालाही नाटकाची आवड फार दिवसांची. पुढे ‘बालगंधर्व’ या नावाने महाराष्ट्राला वेड लावणारे नारायण श्रीपाद राजहंस (१८८८-१९६७) बालपणी काही काळ जळगावात राहिले होते. मेहबूबखाँ यांच्याकडे त्यांनी गाण्याचे आरंभीचे धडे घेतले, ते याच गावी. जळगावच्या खुल्या नाट्यगृहाला त्यांचे नाव दिलेले आहे. गावोगावच्या जत्रांतून रंगणारे तमाशे आणि वहीगायन यांनीही येथील रसिकता जोपासली आहे. अशा मुलखात मुलांनी नाटकासाठी एखादी नवी वस्तू घडवावी, हे अगदी साजेसे आहे.

थोडक्या साहित्यात मोठी कल्पना साकार करण्याचे एक उदाहरण तर खान्देशच्या उंबरठ्यावरच घडले. धुळ्याहून सुमारे ५० किलोमीटरवर मालेगाव आहे. हे गाव यंत्रमागांसाठी प्रसिद्ध आहे. तेथील नासीर शेख आणि त्यांचे सोबती यांनी हौसेखातर, अगदी थोड्या पैशांत, चित्रपट काढण्यास आरंभ केला. २००० साली त्यांनी ‘मालेगाव के शोले’ हा चित्रपट केला. पुढे त्यांनी आकाशात उडणाऱ्या वीराचा चित्रपट हाती घेतला. त्या वीराची भूमिका यंत्रमागावर काम करणाऱ्या शफीक शेख यांनी केली. महागडी यंत्रे त्यांच्याजवळ नव्हती. चित्रण करणारा कॅमेरा उंच न्यावयाचा, तर बैलगाडीचा उपयोग करावा. तो पुढे सरकवावयाचा, तर सायकलवर बसावे. वीराला उडवावयाचे, तर त्याला हिरव्या कापडासमोर आडवे धरून चित्र घ्यावे आणि मागाहून त्या हिरव्या रंगाच्या जागी आकाश घालावे, अशा युक्त्या त्यांनी योजिल्या. २००८ साली फैजा अहमद खान यांनी या साऱ्या खटाटोपावर एक माहितीपट केला आणि मालेगावचे नाव देशोदेशी पोहोचले. साहित्य अपुरे असले तरी विचार अपुरा नसावा, हेच या उदाहरणावरून दिसते.

आता प्रकाशाच्या तलवारीचे मूळ पाहू. १९७७ साली जॉर्ज लुकास यांचा ‘स्टार वॉर्स’ हा अमेरिकन चित्रपट प्रसिद्ध झाला. त्यातील योद्ध्यांच्या हाती प्रकाशाची पाती असलेल्या तलवारी होत्या. त्या तलवारींपैकी एकीची मूठ कशाची केली होती, हे ऐकून तुम्हांस नवल वाटेल. जुन्या काळी छायाचित्र काढताना लखकन उजेड पाडणारा एक दिवा कॅमेऱ्याला जोडीत. त्या दिव्याची सेल घालण्याची धातूची नळी रॉजर क्रिश्चन या कलावंताला लंडनमधील एका दुकानात जुन्या सामानात सापडली. तिच्यावर काळ्या पट्ट्या चिकटवून त्याने तिची मूठ बनविली. दुकानातील अडगळ चित्रपटातील अमोल शस्त्र झाली!

आणि पाते? काही दृश्यांत एका दांड्यावर प्रकाश परतविणारा पदार्थ लावून तो दांडा लहानशा मोटरीने गरगर फिरवीत. कॅमेऱ्याजवळच्या दिव्याचा प्रकाश त्यावर पडून सरळ कॅमेऱ्याकडे परत येई. सुरत-नागपूर महामार्ग धुळे आणि जळगाव या दोन्ही शहरांना जोडतो. त्या मार्गाने रात्री प्रवास करताना मोटारीच्या दिव्यांत रस्त्याकडेचे फलक एकाएकी उजळताना तुम्ही पाहिले असेल. त्या फलकांवर असाच पदार्थ असतो. पण एवढ्याने पाते पुरेसे तेजस्वी दिसेना. म्हणून पुढे चित्रकारांनी प्रत्येक चित्रावर पात्याचे तेज हाताने रेखाटले. चित्रपटात एका सेकंदाला २४ चित्रे डोळ्यांपुढून जातात. म्हणजे एका मिनिटाच्या लढाईसाठी २४ × ६० = १४४० चित्रे झाली. पडद्यावरील क्षणभराच्या झळाळीमागे किती जणांचे किती दिवस खर्ची पडले असतील, याचा विचार करा.

चित्रपटाला ही सोय असते, की चित्र घेतल्यानंतरही त्यावर रंग चढविता येतो. नाटकाला ती सोय नाही. रंगमंचावर तलवार खरोखरच उजळली पाहिजे, आणि तीही नेमक्या क्षणी. म्हणून आपल्या तलवारीची आखणी अधिक काळजीपूर्वक केली पाहिजे.

आखणी करताना पहिला प्रश्न कोणता विचारावा? ‘तलवार किती लखलखेल?’ हा प्रश्न पहिल्याने सुचतो. पण तो पहिला नव्हे. पहिला प्रश्न असा, की ‘ही तलवार कोणावर उगारली जाणार आहे?’ ती आपल्याच वर्गातील एखाद्या सोबत्यावर उगारली जाणार आहे. त्याला दोन डोळे आहेत आणि ते त्याने आपल्या भरवशावर उघडे ठेवलेले आहेत. तेव्हा पाते हलके, लवचीक आणि टोकाशी मऊ असले पाहिजे. लोखंडी गज, बांबूची चीप अथवा काच यांचा उपयोग पात्यासाठी करावयाचा नाही. काही मुलांना वाटते, की घरातील निकामी झालेली दिव्याची लांब काचेची नळी पात्यासारखीच दिसते, मग तीच का वापरू नये? हा विचार मनातून अजिबात काढून टाकावा. ती नळी हातात फुटते, आणि तिच्या आत पाऱ्याची विषारी वाफ असते. त्याचप्रमाणे घरातील भिंतीतून येणारी वीज २३० व्होल्ट दाबाची असते. तिचा या कामाशी संबंध येऊ द्यावयाचा नाही. आपल्याला सेलांची विजेरी पुरेशी आहे.

दुसरा प्रश्न लांबीचा. तलवार जितकी लांब तितकी चांगली, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण फार लांब तलवार रंगमंचावर पायांत येते. माप घेण्याची सोपी रीत अशी : सरळ उभे राहावे, हात सैल सोडावा आणि मूठ वळावी. मुठीपासून जमिनीपर्यंतचे अंतर सोबत्याकडून मोजून घ्यावे. समजा, ते ६० सेंटिमीटर भरले. त्यातून ५ सेंटिमीटर वजा करावे. राहिलेले ५५ सेंटिमीटर ही पात्याची दिसणारी लांबी. एवढे पाते असले, म्हणजे हात खाली आला तरी टोक जमिनीवर आपटत नाही. मूठ दोन्ही हातांत मावावी म्हणून ती २४ सेंटिमीटर धरू. म्हणजे सारी तलवार ७९ सेंटिमीटर झाली. आता एका मोठ्या कागदावर तिचे खऱ्या मापाचे चित्र काढावे. कागदावर पुसता येते. कापलेली वस्तू पुन्हा जोडता येत नाही. म्हणून जाणता कारागीर करवतीच्या आधी पेन्सिल हातात घेतो.

आता साहित्य जमवू. तीन बारीक सेलांवर चालणारी, मागच्या टोकाला बटण असलेली लहान विजेरी हे आपल्या तलवारीचे हृदय. ती बहुधा १० सेंटिमीटर लांब असते. तिच्या तोंडाचा व्यास आधी मोजावा. मगच मुठीची नळी निवडावी. आपण हा व्यास २६ मिलिमीटर धरू. मुठीसाठी पी.व्ही.सी. नळीचा तुकडा घ्यावा. जळगाव तर अशा नळ्यांच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध आहे, आणि आपल्याकडे शेतातील नळाचे उरलेले तुकडे बहुतेक घरी सापडतात. नळीची आतली पोकळी विजेरीपेक्षा किंचित मोठी, म्हणजे २८ मिलिमीटरच्या आसपास असावी. पात्यासाठी वहीच्या आवरणापेक्षा थोडे जाड असे पारदर्शक प्लॅस्टिक आणि एक मोठा बटर पेपर घ्यावा. याशिवाय कापडी चिकटपट्टी, साधी पारदर्शक चिकटपट्टी, जाड दोरा, स्पंजाचा तुकडा, चंदेरी कागद आणि जुन्या काळ्या कापडाची पट्टी एवढे सामान लागेल.

पाते गुंडाळण्यासाठी साचा हवा. विजेच्या तारा ज्या नळीतून नेतात, त्या २५ मिलिमीटर व्यासाच्या नळीचा तुकडा साच्याचे काम उत्तम करतो. येथे गणिताची मदत घ्यावी लागते. वर्तुळाचा परीघ म्हणजे व्यास गुणिले ३.१४. साच्याचा परीघ २५ × ३.१४ = ७८.५ मिलिमीटर. बटर पेपरचा एक वेढा द्यावयाचा आहे आणि एका कडेवर दुसरी कड थोडी चढली पाहिजे. म्हणून तो ८५ मिलिमीटर रुंद कापावा. त्यावर प्लॅस्टिकचे दोन वेढे द्यावयाचे आहेत. पात्याचा बाहेरचा व्यास सुमारे २६ मिलिमीटर होईल. त्याचा परीघ २६ × ३.१४ = ८१.६४ मिलिमीटर, आणि दोन वेढ्यांचे १६३ मिलिमीटर. कडेसाठी थोडे अधिक धरून प्लॅस्टिक १७ सेंटिमीटर रुंद कापावे.

लांबी किती घ्यावी? ५५ सेंटिमीटर, असे उत्तर तुम्ही घाईने द्याल. परंतु पात्याचा काही भाग मुठीच्या आत जावयाचा आहे. मूठ २४ सेंटिमीटर आहे. विजेरी मुठीच्या तळाशी १० सेंटिमीटर जागा व्यापते. उरलेले १४ सेंटिमीटर पात्याने आत शिरून विजेरीच्या तोंडाला टेकावयाचे आहे. म्हणून पाते ५५ + १४ = ६९ सेंटिमीटर लांब हवे. झाड जमिनीवर जेवढे डोलते, तेवढीच त्याला खाली मुळे लागतात. पात्याचेही तसेच आहे.

प्रथम साच्यावर बटर पेपर गुंडाळून कड चिकटपट्टीने चिकटवावी. तो साच्याला चिकटणार नाही, याची काळजी घ्यावी. त्यावर प्लॅस्टिक घट्ट, पण सुरकुती न पडू देता गुंडाळावे आणि कडेवर लांब पारदर्शक पट्टी लावावी. एकाने गुंडाळावे आणि दुसऱ्याने धरावे. हे काम एकट्याचे नाही. मग साचा हलकेच ओढून काढावा. स्पंजाचा बुचासारखा तुकडा कापून त्याच्या आतल्या तोंडाला चंदेरी कागदाची चकती लावावी आणि तो पात्याच्या टोकात बसवावा. स्पंजाचा अर्धा भाग बाहेर राहू द्यावा. त्यामुळे टोक मऊ राहते आणि चंदेरी चकती वर आलेला प्रकाश पुन्हा खाली परतविते.

मुठीची नळी करवतीने कापण्याचे व तिला छिद्रे पाडण्याचे काम वडीलधाऱ्यांच्या अथवा हस्तकलेच्या शिक्षकांच्या देखरेखीखाली करावे. कापलेली कड पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत करावी. विजेरीवर कापडी पट्टीचे एकदोन वेढे देऊन ती नळीच्या तळातून आत सरकवावी. बटण बाहेरून दाबता यावे आणि सेल बदलताना विजेरी काढता यावी, अशा बेताने तळाच्या कडेला चिकटपट्टी लावावी. वरून पाते आत घालून ते विजेरीला टेकवावे. फट राहिली तर कागदाच्या पट्टीचा वेढा देऊन ती भरावी.

आता एक महत्त्वाची गोष्ट. शेतकरी ज्वारीच्या मळ्यात माळ्यावर उभा राहून गोफण फिरवितो, तेव्हा गोफणीतील दगड सारखा बाहेर निसटू पाहतो. दोरी सुटली, की तो दूर जाऊन पडतो. तलवार फिरविताना पात्याची हीच स्थिती असते. केवळ घट्ट बसविले म्हणून भागत नाही. नळी आणि पाते या दोन्हींतून आरपार जाणारी दोन बारीक छिद्रे पाडून त्यांतून जाड दोरा ओवावा आणि पक्की गाठ मारावी. दोऱ्याने उजेड फारसा अडत नाही. पण ऐन लढाईत पाते सुटून पुढच्या रांगेतील प्रेक्षकांत जाण्याचा प्रसंग टळतो. शेवटी मुठीवर काळ्या कापडाची पट्टी तिरपी गुंडाळावी, म्हणजे घामाने हात निसटत नाही.

विजेरीतील लहानसा दिवा कसा उजळतो, हेही समजून घेतले पाहिजे. त्याला एल.ई.डी. म्हणतात. त्यात जुन्या दिव्यासारखी तापणारी तार नसते. म्हणून तो थोड्या विजेत पुष्कळ उजेड देतो आणि प्लॅस्टिकच्या पात्यालाही ताप होत नाही. मात्र त्याला वीज बेतानेच द्यावी लागते. समजा, आपण स्वतःच एक लहान पांढरा एल.ई.डी. जोडणार आहोत. तीन सेलांचा दाब १.५ × ३ = ४.५ व्होल्ट. दिव्याला सुमारे ३ व्होल्ट लागतात. वरचे १.५ व्होल्ट अडविण्यासाठी वाटेत एक रोधक घालतात. दिव्यातून ०.०२ अँपिअर प्रवाह जावा असे वाटत असेल, तर रोध १.५ ÷ ०.०२ = ७५ ओहम हवा. दुकानात ८२ ओहमचा रोधक सहज मिळतो. तो घातला, की प्रवाह किंचित कमी होतो आणि दिवा सुरक्षित राहतो. पाटाच्या पाण्याला बारे लावताना शेतकरी जशी माती सारून धार बेताची करतो, तसेच काम हा रोधक करतो.

तलवार जोडून झाली, म्हणजे खोली अंधारी करून तिची परीक्षा घ्यावी. मुठीजवळचा भाग उजळ आणि टोकाकडचा मंद, असे दिसल्यास निराश होऊ नये. विजेरीचा झोत पसरट असेल, तर प्रकाश खालच्या भागातच बाजूंनी निघून जातो. झोत अरुंद असेल, तर तो टोकापर्यंत पोहोचतो, चकतीवरून परततो आणि वाटेत बटर पेपरवर विखुरतो. म्हणून पुढे भिंग असलेली, अरुंद झोताची विजेरी अधिक उपयोगी पडते. पाते निळे अथवा लाल हवे असल्यास विजेरीच्या तोंडावर रंगीत जिलेटिन कागदाची चकती लावावी. मात्र हे ध्यानात ठेवावे, की रंगीत कागद उजेडाला नवे काही देत नाही; तो नको असलेले रंग गिळून टाकतो. म्हणून रंग चढला, की तेज थोडे उतरते.

तेजाविषयी आणखी एक गोष्ट. भर उन्हात काजवा दिसत नाही. सकाळच्या मोकळ्या मंडपात आपली तलवारही दिसणार नाही. हा दोष तलवारीचा नव्हे, जागेचा आहे. म्हणून हा प्रवेश रात्रीच्या कार्यक्रमात ठेवावा, मागे काळा पडदा असावा आणि पाते उजळण्याच्या क्षणी रंगमंचावरील दिवे मंद करण्याची सूचना दिवे सांभाळणाऱ्या मुलाला आधी देऊन ठेवावी. प्रेक्षक त्या मुलाचे नाव विचारणार नाहीत. पण त्याचा हात दोन क्षण उशिरा हलला, तर वीराची सारी ऐट व्यर्थ जाईल.

वस्तू झाली; आता विद्या हवी. महाराष्ट्रातील तालमींत आणि शाळांत फरी-गदग्याचा खेळ शिकवीत असत. गदगा म्हणजे कातड्याने मढविलेली काठी आणि फरी म्हणजे लहान ढाल. खरे शस्त्र हाती देण्यापूर्वी हात आणि नजर तयार व्हावी, हा त्या खेळाचा हेतू. आपणही तोच मार्ग धरावा. लढाईतील प्रत्येक वार आधी ठरवून घ्यावा. एक, दोन, तीन, चार असे आकडे मोजीत तो प्रथम अगदी सावकाश करावा आणि पाठ झाल्यावरच वेग वाढवावा. वार सोबत्याच्या अंगावर नव्हे, तर त्याच्या बाजूच्या मोकळ्या जागेत करावा. खांद्याच्या वर वार कधीही करू नये, आणि उजळलेले पाते त्याच्या डोळ्यांसमोर रोखून धरू नये. वार करण्यापूर्वी त्याच्या नजरेला नजर द्यावी; तो तयार आहे असे दिसल्यावरच हात उचलावा. ‘थांब’ हा शब्द कोणीही उच्चारला, की दोघांनीही तत्काळ थांबावे. रंगमंचावर जे दोन वैरी दिसतात, त्यांच्याइतके एकमेकांना सांभाळणारे मित्र दुसरे नसतात.

प्रयोग संपल्यावर सेल काढून ठेवावे. ते आत राहिले, तर कालांतराने त्यांतून द्रव पाझरतो आणि विजेरी निकामी होते. पाते वाकले असेल, तर नवे गुंडाळावे. जी वस्तू आपण स्वतः केली, ती दुरुस्त करण्याची भीती वाटत नाही. विकत घेतलेली तलवार बिघडली की टाकून देतात. हाताने घडविलेली तलवार बिघडली की तिचा दोष शोधतात. पहिल्या तलवारीत जे चुकते, ते दुसरीत सुधारते. म्हणून पहिली तलवार साधी असावी आणि तिच्या आराखड्याचा कागद जपून ठेवावा.

पडदा वर जाईल. अंधारात एक मूठ पुढे येईल आणि तिच्यातून निळसर उजेडाचे पाते उमलेल. समोर बसलेली लहान मुले ‘आहा!’ म्हणतील. त्या उजेडात शेतातील नळाचा तुकडा, वहीसारखे प्लॅस्टिक आणि तीन सेल कोणालाच दिसणार नाहीत, आणि दिसूही नयेत. पण पडद्याआड उभ्या असलेल्या ज्या मुलांनी मापे घेतली, कड घासली, गाठ मारली आणि सोबत्याच्या डोळ्यांची काळजी वाहिली, त्यांना मात्र हे पाते कशाने उजळले आहे, ते नेमके ठाऊक असेल.

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा :
(अ) पौराणिक नाटकांत मशालीवर काय फेकीत असत?
(आ) बालगंधर्वांनी जळगावात कोणाकडे गाण्याचे धडे घेतले?
(इ) काचेची दिव्याची नळी पात्यासाठी का वापरू नये?

२. कारणे द्या :
(अ) पाते दोऱ्याने पक्के बांधावे लागते.
(आ) रंगीत कागद लावल्यावर पात्याचे तेज कमी होते.
(इ) चित्रपटातील तलवारीपेक्षा नाटकातील तलवारीची आखणी अधिक काळजीने करावी लागते.

३. एका मुलीची मूठ जमिनीपासून ६४ सेंटिमीटर उंच आहे. मूठ २४ व विजेरी १० सेंटिमीटर लांब असल्यास पात्याच्या प्लॅस्टिकची एकूण लांबी किती घ्यावी?

४. ‘जाणता कारागीर करवतीच्या आधी पेन्सिल हातात घेतो.’ या वाक्याचा अर्थ पाच-सहा ओळींत स्पष्ट करा.

५. वाक्यांत उपयोग करा : अंगावर काटा उभा राहणे, खर्ची पडणे, वेड लावणे, श्वास रोखून पाहणे.

६. तुमच्या गावातील जत्रेत अथवा नाटकात सोंगांचे साहित्य कोण व कसे तयार करतात, ते त्यांना भेटून विचारा आणि त्याविषयी दहा ओळी लिहा.